पायीची वहाण

‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण मी शाळेत मुलांना किती वेळा शिकवली असेल, याची गणती नाही. फळ्यावर म्हण लिहायची, तिच्यापुढे ‘ज्याला त्याला त्याच्या पायरीने वागवावे’ असा अर्थ लिहायचा आणि मुलांकडून वाक्यात उपयोग करून घ्यायचा. तास संपला की खडूच्या भुकटीबरोबर ती म्हणही मी हातावरून झटकून टाकीत असे. एके दिवशी मात्र ती शाळेबाहेर, एका खऱ्याखुऱ्या माणसाविषयी माझ्या तोंडून निघाली; आणि तेव्हापासून ती मला फळ्यावर लिहिता आलेली नाही.

प्रसंग तसा लहानच आहे. साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका बोळाच्या तोंडाशी वहाणा शिवणारे एक वृद्ध गृहस्थ बसतात. त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणतो. मामांना वाचनाचा नाद आहे. गिऱ्हाईक नसले की रापी आणि आरी बाजूला सारून ते हाताला लागेल ते वाचीत बसतात. माझ्या एका कादंबरीत वहाणा शिवणारा एक म्हातारा आहे. ती कादंबरी मी मोठ्या हौसेने त्यांना नेऊन दिली. आठवड्याने गेलो तेव्हा मामा म्हणाले, “मास्तर, समदं बेस जमलंय. पर तुमच्या म्हाताऱ्यानं कोल्हापुरीच्या तळाला खिळं ठोकल्यात. आपल्या कोल्हापुरीला खिळा न्हाई लागत. वादीनं शिवत्यात ती.”

मी ओशाळलो, पण मनातून सुखावलोही. आपले लिखाण इतक्या बारकाईने वाचणारा वाचक भेटला की कोणत्या लेखकाला आनंद होत नाही? पुढे त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा मी खिळे काढून टाकले, चामड्याच्या वादीचे टाके घातले आणि ते पान दाखवायला मुद्दाम मामांकडे गेलो. त्यांनी ते वाचले, समाधानाने मान हलवली आणि चष्मा कपाळावर सारून म्हणाले, “आता शेवट बी बदला.”

माझ्या कादंबरीच्या शेवटी त्या म्हाताऱ्याचा मुलगा मोठा अधिकारी होऊन गावी येतो. आणि ज्या पाटलांनी त्याच्या शाळेची फी भरली त्यांच्या पायांवर म्हातारा गहिवरून डोके ठेवतो. हा प्रसंग वाचून डोळे भरून आल्याची पत्रे मला आली होती. मामा म्हणाले, “फी भरली, खरं हाय. उपकार हायेतच. पर म्हाताऱ्यानं त्या घरच्या वहाणा चाळीस वर्सं शिवल्या. त्येच्या पायावर कुणी डोकं ठिवलं का? त्यो रामराम करंल, मास्तर. पाया पडायचा न्हाई.”

मी हसून विषय टाळला. घरी येईपर्यंत मात्र राग मनात घोळत राहिला. पत्नीला सगळी हकीकत सांगितली आणि म्हणालो, “टाक्यातले कळते म्हणून कादंबरीतलेही कळते असे त्यांना वाटू लागले आहे. पायीची वहाण पायीच बरी!” ती देवघरात सांजवात लावीत होती. आमच्या देव्हाऱ्यात औदुंबराहून आणलेल्या दत्ताच्या पादुका आहेत. मागे वळून न पाहताच ती म्हणाली, “मग ह्या इथे कशाला ठेवल्यात?”

त्या रात्री मला आपेल्लीस या ग्रीक चित्रकाराची गोष्ट आठवली. ती प्लिनी या रोमन ग्रंथकाराने सांगून ठेवली आहे. आपेल्लीस हा अलेक्झांडरच्या काळातला, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातला. चित्र पुरे झाले की तो ते येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल असे मांडून ठेवी आणि आपण चित्राच्या मागे लपून लोक काय बोलतात ते ऐके. एकदा एका पादत्राणे करणाऱ्याने चित्रातल्या वहाणेला आतल्या बाजूने एक फासा कमी असल्याचा दोष काढला. आपेल्लीसने तो रातोरात सुधारला. दुसऱ्या दिवशी आपले म्हणणे मानले गेलेले पाहून त्या कारागिराला हुरूप आला आणि त्याने चित्रातल्या पायाविषयीही काही दोष दाखवला. तेव्हा चित्रकार रागाने बाहेर डोकावला आणि त्याने बजावले की, जोडे करणाऱ्याने वहाणेच्या वर मत देऊ नये. या वाक्याची पुढे युरोपात म्हण झाली. दोन हजारांहून अधिक वर्षे लोक ती गोष्ट चित्रकाराच्या बाजूने हसत सांगत आले आहेत.

मीही ती पूर्वी तशीच हसत वाचली होती. आता ती वाचताना मीच चित्रामागे लपलेला मला दिसू लागलो. आपेल्लीसने फासा सुधारला, मी टाका सुधारला. तो पायाशी येऊन चिडला, मी पायांवर डोके ठेवण्याच्या प्रसंगाशी येऊन चिडलो. आणि गंमत अशी की, मलाही हेच वाक्य एकदा ऐकून घ्यावे लागले होते. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. एका परिसंवादात एका विद्वान गृहस्थांनी मोठ्या गोडीने सुचवले होते की, मास्तरांनी खेड्यातल्या गोष्टी सांगाव्यात, त्या फार सुरेख असतात. तत्त्वविचार मात्र दुसऱ्यांवर सोपवावा. त्या रात्री मी तळमळत होतो. मग ज्या वाक्याने माझी झोप उडवली तेच वाक्य मी मामांविषयी इतक्या सहजपणे कसे उच्चारले? माणसाला स्वतःला लागलेली ठेच आठवते, आपल्या पायाखाली आलेला मात्र आठवत नाही, असेच म्हणावे लागेल.

तरीही आपेल्लीसची बाजू अगदीच टाकाऊ आहे असे नाही. ती नीट समजून घेतल्याशिवाय तिला उत्तर देता येणार नाही. प्रत्येक विद्येला तिचा अधिकार असतो. कृष्णेवर पूल बांधायचा तर पायाच्या दगडांविषयी गावात मते मागून भागत नाही. पोटात दुखू लागले तर शेजाऱ्यापेक्षा वैद्यावर भरवसा ठेवावा लागतो. ज्याला जे कळत नाही त्याने तिथे गप्प बसावे, यात अन्याय काहीच नाही. प्रश्न एवढाच आहे की, वहाणेच्या ‘वर’ जे जे काही आहे ते सगळे कुणा ना कुणा तज्ज्ञाचेच आहे काय? आणि त्या चित्राबाबतच बोलायचे तर, जन्मभर माणसांचे पाय हातात घेऊन मोजणाऱ्याला पायातले काहीच कळत नसेल हे खरे कसे मानावे?

या प्रश्नाचे उत्तर मला पुन्हा ग्रीकांकडेच सापडले. प्लेटोच्या ‘प्रोतागोरास’ या संवादात सॉक्रेटिस अथेन्सच्या लोकसभेविषयी एक निरीक्षण सांगतो. इमारतीचा विषय निघाला की लोक गवंड्यांना बोलावतात, जहाजांचा निघाला की जहाजे बांधणाऱ्यांना बोलावतात. आणि भलताच कोणी मध्ये बोलू लागला तर, तो कितीही श्रीमंत असो वा कुलीन असो, त्याची हुर्यो करतात. पण नगराचा कारभार कसा चालावा असा प्रश्न आला की लोहार उठतो, जोडे शिवणारा उठतो, व्यापारी उठतो, गरीब उठतो. आणि ‘तुला हे कोणी शिकवले?’ असे त्याला कोणीही विचारीत नाही. असे का? प्रोतागोरास याचे उत्तर एका कथेने देतो. माणसे एकमेकांशी अन्यायाने वागून नाश पावू लागली, तेव्हा देवराज झ्यूसने हर्मिसच्या हाती न्यायबुद्धी आणि लज्जा या दोन गोष्टी पृथ्वीवर पाठवल्या. हर्मिसने विचारले, “या कलांप्रमाणे थोड्यांना वाटू की सर्वांना?” वैद्य एक असला तरी पुष्कळांना पुरतो, तसे हे वाटायचे काय? झ्यूस म्हणाला, “सर्वांना वाट. हे थोड्यांपाशीच राहिले तर नगरे टिकणार नाहीत.”

मामा बोलले ते टाक्याविषयी नव्हते आणि कादंबरीच्या तंत्राविषयीही नव्हते. कोणी कोणाच्या पाया पडावे, कोणाचे कोणावर किती ऋण आहे, याविषयी ते बोलले. ती न्यायाची गोष्ट होती. तिच्यावर माझा कादंबरीकार म्हणून अधिकार मामांपेक्षा तसूभरही जास्त नव्हता.

अथेन्समधले सगळेच शहाणे असे मानत होते असे मात्र कोणी समजू नये. अथेन्सच्या लोकसभेत गुलामांना आणि स्त्रियांना जागा नव्हती. हाताने काम करणाऱ्यांचे शरीर आणि मन दुबळे होते, असे झेनोफनने सॉक्रेटिसच्याच तोंडी घातले आहे; उत्तम राज्यात कारागिराला नागरिक करू नये, असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे. तरीसुद्धा त्याच नगरात सायमन नावाचा जोडे करणारा होऊन गेला, असे परंपरा सांगते. सॉक्रेटिस स्वतः बहुधा अनवाणीच हिंडे. पोटिडियाच्या मोहिमेत तो बर्फावरूनही अनवाणी चालल्याचे वर्णन आहे. ज्याला वहाणेची गरज नव्हती तो माणूस सायमनच्या दुकानात जाऊन बसे आणि बोले. आणि झालेले बोलणे सायमन आठवून लिहून काढी. त्याचे तेहतीस संवाद होते असे डायोजिनीस लायर्शियस सांगतो. देव, न्याय, धैर्य, कायदा, प्रेम आणि काव्य असे त्यांचे विषय होते. लोक त्यांना ‘चामड्याचे संवाद’ म्हणत. पेरिक्लीसने त्याला आश्रय देऊ केला, तेव्हा आपले मोकळेपणाने बोलणे आपण विकणार नाही, असे सांगून त्याने तो नाकारला.

ते संवाद आज उरलेले नाहीत. पण अथेन्सच्या जुन्या चौकाच्या कडेला गेल्या शतकाच्या मध्यास उत्खनन झाले, तेव्हा एका घरात जोड्यांचे लोखंडी खिळे आणि हाडाची वेढणी सापडली, आणि तिथेच एका प्याल्याचा तळ सापडला. त्या तळावर ‘सायमनचा’ अशी अक्षरे कोरलेली आहेत. तो सायमन हाच की दुसरा, याविषयी पंडितांचा वाद आहे, तो त्यांनी करावा. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. आपेल्लीसच्या गोष्टीतल्या कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. सायमनने आपले नाव आपल्या प्याल्यावर आपल्याच हाताने कोरले असावे.

आता पत्नीच्या प्रश्नाकडे वळतो. पायीची वहाण पायीच बरी असे आपण म्हणतो. पण वहाणेला आपल्याइतके डोक्यावर घेणारा समाज दुसरा क्वचितच असेल. भरताने चौदा वर्षे सिंहासनावर पादुका ठेवून राज्य चालवले. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते, त्या आधी नीरेच्या पाण्यात पादुकांना स्नान घालतात. मग लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा त्यांचा मुक्काम होतो, आणि त्या पादुकांवर डोके टेकायला माणसे तासन्‌तास उभी असतात. सज्जनगडावर समर्थांच्या पादुका आहेत. कृष्णाकाठी औदुंबरला पादुकाच आहेत, नरसोबाच्या वाडीलाही पादुकाच. म्हणजे वहाण पायीच बरी हे आपल्यालाही मनातून पटलेले नाही. पण त्या पादुका कोणी घडवल्या, हे आपण कधी विचारीत नाही. घालणाऱ्याचे पुण्य वहाणेला लागते आणि करणाऱ्याचे हात मात्र कोरडेच राहतात.

याच्या उलट विटाळ मात्र थेट करणाऱ्यापर्यंत पोहोचला. चामडे अपवित्र म्हणून चामड्याचे काम करणारा गावाबाहेर राहिला. मृदंगाला चामडेच असते, पण तो विठ्ठलापुढे वाजला. वहाण करणाऱ्यालाच आणि त्याच्यासारख्या इतरांनाही वाड्यावरून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. तेव्हा ती म्हण वहाणेविषयी नव्हतीच. ती माणसांविषयी होती. आणि मी ती मुलांना गुण मिळवण्यासाठी पाठ करायला लावीत होतो. माझ्या वर्गात कोणाकोणाची मुले बसली होती याचा मी विचारही केला नव्हता.

या गावात तरी हा विचार सुचायला हवा होता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. त्याला इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. शिपायाने पाणी घातले तरच तहान भागे. आपली पायरी ओळखून राहा, हेच त्या गोणपाटाचे सांगणे होते. त्या मुलाने पुढे देशाच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवले. न्याय कशाला म्हणावे हे ज्याने साऱ्या देशाला लिहून दिले, त्याची न्यायबुद्धी कोणत्या जातीच्या वा पदवीच्या परवानगीने आलेली नव्हती. झ्यूसने हर्मिसला जे सांगितले ते याहून चांगल्या रीतीने कोणी सिद्ध करून दाखवले आहे असे मला वाटत नाही.

गेल्या काही वर्षांत वहाणेला पुन्हा मान आला आहे, हे खरे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात कोल्हापूरबरोबर सांगली, सातारा, सोलापूर हे जिल्हे आहेत आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हेही आहेत. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलान शहरी प्राडा या विख्यात पेढीने आपल्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्याच वहाणा मांडल्या, आणि त्या कुठल्या याचा उल्लेख केला नाही. आपल्याकडे संतापाची लाट उसळली. पुढे पेढीने भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. तो संताप रास्तच होता. पण त्या दिवसांत ‘आमची कोल्हापुरी’ म्हणून तावातावाने बोलणाऱ्या माझ्यासारख्या किती जणांना, आपल्या पायातली जोडी शिवणाऱ्याचे नाव सांगता आले असते? मी मामांना इतकी वर्षे मामा म्हणत आलो. त्यांचे नाव मला त्या दिवसांतच कळले, तेही त्यांच्या खोक्यावर चिकटवलेल्या एका पावतीवरून.

आता उरला तो ऋणाचा हिशेब. माझ्या कादंबरीतल्या पाटलांनी मुलाची फी भरली. ते पैसे कुठून आले? शेतातून. शेत कशाने भिजले? विहिरीच्या पाण्याने. ते पाणी कशाने वर आले? मोटेने. त्या काळात आमच्या कृष्णाकाठच्या मळ्यांवर चामड्याची मोट चाले, आणि ती शिवणारा, फाटली की सांधणारा, सुगीला बलुते म्हणून चार पायली धान्य पदरात घेणारा तो म्हाताराच होता. चाळीस वर्षे त्याच्या टाक्यांतून त्या मळ्याला पाणी मिळाले. हा हिशेब मी कादंबरी लिहिताना केला नाही, कारण उपकार वरून खाली उतरताना चटकन दिसतो. खालून वर चढलेला उपकार मात्र धान्याच्या भावात चुकता झाला असेच धरून चालण्याची आपल्याला सवय आहे. मामांना तो हिशेब एका वाक्यात करता आला. मला त्यासाठी अथेन्सपर्यंत जावे लागले.

मग मामा म्हणतात म्हणून शेवट बदलावा काय? येथे मला थोडे थांबावेसे वाटते. सॉक्रेटिस सायमनच्या दुकानात जाई तो त्याची आज्ञा घ्यायला नव्हे. तो त्याच्याशी वाद करी. एखाद्याला बोलण्याचा अधिकार आहे याचा अर्थ त्याचे म्हणणे निमूटपणे मानावे असा नाही. त्याला उत्तर द्यावे असा आहे. कदाचित मी मामांना म्हणालो असतो की, माझा म्हातारा तुमच्याइतका ताठ नाही, पिढ्यान्‌पिढ्या वाकलेली पाठ एका दिवसात सरळ होत नाही. त्यावर मामांनी काहीतरी म्हटले असते. कदाचित मी हरलो असतो, कदाचित ते. पण मी हसून विषय टाळला. ज्याच्याशी आपण वादही घालीत नाही त्याला आपण माणसात धरीत नाही, हे मला उशिरा समजले. मामांना मात्र ते त्याच क्षणी समजले असले पाहिजे. कारण त्या दिवसापासून ते माझ्याशी फक्त वहाणांविषयी बोलू लागले. टाच झिजली, अंगठा सैल झाला, पट्टा बदलावा लागेल. त्यापलीकडे एक शब्द नाही. मी त्यांना वहाणेपाशी थांबवू पाहिले होते, आणि ते मोठ्या सभ्यपणाने तिथे थांबले.

परवा मी त्यांच्याकडे गेलो. सवयीने त्यांनी हात पुढे केला. मी वहाणा काढून त्यांच्या समोर ठेवल्या. त्यांनी उलटून पाहिल्या आणि विचारले, “काय झालंय हिला? चांगली हाय की.”

“वहाणेला काही झालेले नाही, मामा,” मी म्हणालो. “मी शेवटाविषयी बोलायला आलो आहे.”

त्यांनी माझ्याकडे क्षणभर निरखून पाहिले. मग रापी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि शेजारचे खोके पायाने माझ्याकडे सरकवीत म्हणाले, “मग उभं का? बसा की.”

मी अनवाणीच बसलो.